व्हिपल यांच्या तीन अटी

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील सर्वात मोठी शस्त्रक्रिया आजही ‘व्हिपल’ याच नावाने ओळखली जाते. हे डॉ. ॲलन व्हिपल १८८१ मध्ये इराणमधील उर्मिया येथे अमेरिकी मिशनरी कुटुंबात जन्मले. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि १९२१ पासून पाव शतक तिथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते.

१९२१ मध्येच टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. ते कमी पडले की मधुमेह होतो; मग जास्त झाले तर? स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची दुर्मीळ गाठ झाली, तर उपाशीपोटी साखर घसरते. रुग्णाला घाम फुटतो, तो बरळतो, कधी आकडी येते. १९२९ मध्ये टोरांटोत अशी गाठ प्रथमच यशस्वीपणे काढली गेली. त्यानंतर साखर कमी दिसली की पोट उघडण्याची घाई होऊ लागली. अनेकदा आत गाठच नसे.

व्हिपल यांनी या घाईला लगाम घातला. उपाशी असताना लक्षणे दिसावीत, त्याच वेळी साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली असावी आणि ग्लुकोज देताच रुग्ण सावरावा. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच गाठीचा विचार करायचा.

१९३५ मध्ये त्यांनी पित्तनलिकेच्या तोंडाशी झालेला कर्करोग, स्वादुपिंडाच्या डोक्याचा भाग व लहान आतड्याची सुरुवात यांसह काढून दाखवला. कावीळ झालेल्या रुग्णात रक्तस्राव आवरत नसे, म्हणून हे दोन टप्प्यांत करावे लागे. १९४० मध्ये जठराचा कर्करोग समजून त्यांनी एका महिलेचे पोट उघडले, तर गाठ स्वादुपिंडाची निघाली. तिला कावीळ नव्हती. त्यांनी सारे एकाच वेळी काढले. ती गाठ संप्रेरके बनवणाऱ्या पेशींचा दुर्मीळ कर्करोग होती. ती महिला त्यानंतर सुमारे नऊ वर्षे जगली. पुढे ‘के’ जीवनसत्त्वामुळे रक्तस्रावाची भीती कमी झाली आणि एकाच टप्प्यातील शस्त्रक्रिया रूढ झाली.

१९६३ मध्ये व्हिपल यांचे निधन झाले. आज सीटी स्कॅन आणि एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी छोटी गाठही दाखवते. इन्सुलिन बनवणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तेवढी गाठ काढली की रुग्ण बरा होतो. तरीही वर्षानुवर्षे आकडीची किंवा मानसिक आजाराची औषधे घेणारे रुग्ण भेटतात. मधुमेहाचे औषध चालू नसताना कोणी पहाटे किंवा उपाशीपोटी वारंवार गोंधळत असेल आणि साखर खाल्ल्यावर सावरत असेल, तर झटका चालू असतानाच ग्लुकोमीटरने साखर तपासा, आकडा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. निदानाची सुरुवात आजही तिथूनच होते.