हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहितीये, पण विदर्भातली २५ कोटी वर्षं जुनी कवटी जगापुढे आणणारे हिस्लॉप कोण होते?

रामदासपेठेच्या शेजारीच सीताबर्डीची टेकडी आहे. नागपूरकर तिला किल्ल्यामुळे ओळखतात. पण १८५० च्या आसपास एक स्कॉटिश मिशनरी या टेकडीतल्या दगडांचे थर अभ्यासत होते. त्यांचं नाव स्टीफन हिस्लॉप.

८ सप्टेंबर १८१७ ला स्कॉटलंडमधल्या डन्स गावात त्यांचा जन्म झाला. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. धर्मप्रसार करायचा, शाळा चालवायची आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करायचे, असा त्यांचा दिनक्रम.

१८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत फिरताना त्यांना टाकळीजवळ गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडले. तेही लाव्हाच्या थरांच्या मधोमध! म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती.

पुढे नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगली गावातल्या दगडातली एक कवटी त्यांच्या हाती लागली. ती लंडनला गेली. 'डायनासोर' हा शब्द देणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा.

हा प्राणी महत्त्वाचा का?

पाठीचा कणा असलेले प्राणी आधी फक्त पाण्यात होते. साधारण ३७ कोटी वर्षांपूर्वी काही माशांच्या वंशजांना पाय आले. ब्रॅकिऑप्स त्याच वंशातला, पाण्यात राहणारा उभयचर.

नंतर त्याचे भाऊबंद दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडले. मग हे प्राणी समुद्र ओलांडून गेले का? नाही. तेव्हा हे सगळे भूभाग एकमेकांना जोडलेले होते. त्या खंडाला आज आपण गोंडवाना म्हणतो. हे नाव आलं गोंडांच्या मुलखावरून. हिस्लॉप याच गोंडांची भाषा आणि कथाही टिपून ठेवत होते.

पण खंड सरकतात, हा सिद्धांत वेगेनर यांनी मांडला १९१२ मध्ये. हिस्लॉप यांना हे कधीच कळलं नाही.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून ते घोड्यावरून परतत होते. वाटेत ओढ्याला पूर आला होता. त्यात ते बुडाले. वय अवघं ४५.

त्यांच्या गोंडांवरच्या नोंदी १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापल्या. १८८३ मध्ये त्यांच्या नावाने कॉलेज सुरू झालं. नागपुरात ते नाव आजही रोज घेतलं जातं.