कोलंबियातील बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या मुलांना तोंडपाठ असते. परंतु ती विद्या ज्या दिवसांत घडली, त्या दिवसांची हकीकत घरोघरी फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे. कारण आज आपली मुले-मुली शिक्षणासाठी घर सोडून दूर जात आहेत. कोणी शहरातील वसतिगृहात, कोणी परदेशी विद्यापीठात. तिथे गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत पुष्कळांचे मन उडते. आपल्यासारख्यांचे हे काम नव्हे, असे त्यांना वाटू लागते. अशा वेळी त्यांनी २२ वर्षांच्या भीमरावाची आठवण करावी.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार निवर्तले. भीमराव नुकतेच बी. ए. झाले होते. पदरी रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. घरची स्थिती ओढाताणीची. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार झाला आणि जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले.

प्रथम ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण त्यांना मानवेना, म्हणून थोड्याच दिवसांत कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी बिऱ्हाड केले. ही मैत्री जन्मभर टिकली.

साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच त्याची तहान भागे. तोच आता सर्वांबरोबर एका टेबलावर जेवत होता, एका बाकावर बसत होता. अशा मोकळ्या हवेत तरुण मन हरखून जाणे स्वाभाविकच होते. सुरुवातीचे काही महिने त्यांचे अभ्यासाकडे तितकेसे लक्ष नव्हते. गप्पा, खेळ, हिंडणे-फिरणे यांत वेळ गेला. मग एका रात्री त्यांनी स्वतःलाच जाब विचारला. आपण इथे कशासाठी आलो? घरची माणसे कोणत्या हालात आहेत? त्या रात्रीनंतर त्यांचा दिनक्रम पालटला.

पुढे दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास चाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन यांच्यासारखे गुरू लाभले. त्याच तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवावे लागत. म्हणून खाण्यापिण्यात काटकसर करून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमवीत. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. ज्या जातीने त्यांना वर्गात वेगळे बसविले, तिची उत्पत्ती आणि घडण ते जगातील विद्वानांसमोर उलगडून दाखवीत होते!

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे ग्रंथ वेगळ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज बुडाले. बडोद्यात नोकरी होती, पण या उच्चविद्याविभूषित अस्पृश्याला राहण्यास कोणी जागा देईना. तरीही त्यांनी हाय खाल्ली नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊनच परतले आणि त्याच वर्षी पुढे त्यांना डी. एस्सी. ही पदवीही मिळाली.

धम्मात ज्याला अप्रमाद म्हणतात, म्हणजे सावधपणे आणि नेटाने चालणे, ते हेच. चूक होणे हा दोष नव्हे. चूक ध्यानात आल्यावर तिथेच बसून राहणे हा दोष. मी स्वतः माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. वसतिगृहातून महिन्या-दोन महिन्यांत ट्रंक उचलून गावी परतलेली हुशार मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यात बुद्धीची वाण नव्हती. जवळ एखादा भथेना नव्हता, आणि घरून धीराचे चार शब्द येत नव्हते.

म्हणून पालकांना विनंती. मूल दूर शिकत असेल, तर पहिल्या परीक्षेतील गुणांवरून त्याला बोल लावू नका. त्याला पत्र पाठवा, चांगली संगत धरावयास सांगा. आणि ही जबाबदारी एकट्या मुलाची नाही, हेही ध्यानी असू द्या. बाबासाहेब दूरदेशी ग्रंथात बुडाले असताना इकडे उपासमार सोसून संसार ओढणाऱ्या रमाईचाही त्या विद्येत अर्धा वाटा आहे.