अफूच्या २० हजार पेट्या नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्याला चीनने हद्दपार केलं, पण त्याची कागदपत्रं जपानने वाचली

मुंबईत जे. जे. हॉस्पिटल माहीत नाही असा माणूस सापडणं अवघड. ज्यांच्या नावाने ते उभं आहे ते सर जमशेटजी जीजीभॉय हे मोठे व्यापारी आणि तितकेच मोठे दानशूर. त्यांनी चीनशी व्यापार करून अफाट पैसा मिळवला. या व्यापारात कापूस होता आणि अफूही होती. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून जहाजात चढायची आणि थेट दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर जायची.

१८३९ साली एका चिनी अधिकाऱ्याने हा धंदा अडवला. त्याचं नाव लिन झेशू.

अफू नष्ट करणारा शूर अधिकारी म्हणून तो चीनमध्ये आज राष्ट्रीय नायक आहे. पण त्याची खरी गोष्ट अफू नष्ट झाल्यानंतर सुरू होते.

लिनचा जन्म ३० ऑगस्ट १७८५ चा, फुजियान प्रांतातल्या फूचौ शहरातला. वडील शिक्षक आणि घरची परिस्थिती बेताची. त्या काळी चीनमध्ये गरीब घरातल्या हुशार पोराला वर यायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे सरकारी परीक्षा. १८११ साली लिन सर्वात वरची परीक्षा पास झाला. पुढे नद्यांचे बांध, दुष्काळ, महसूल अशी कामं करत तो हुबेई आणि हुनान या दोन प्रांतांचा प्रमुख झाला. लाच न खाणारा अधिकारी अशी त्याची ख्याती होती. लोक त्याला निरभ्र आकाशाची उपमा द्यायचे.

आता चीनमध्ये अफू आली कशी ते बघू.

ब्रिटिशांना चिनी चहाचं वेड लागलं होतं. पण चीनला ब्रिटिशांच्या मालात फारसा रस नव्हता, त्यामुळे चहाचे पैसे चांदीत मोजावे लागायचे. यावर उपाय भारतात सापडला. ईस्ट इंडिया कंपनी बिहार आणि बनारस भागात अफू पिकवून घ्यायची, कलकत्त्यात तिचा लिलाव करायची आणि तिथून पुढे खाजगी व्यापारी ती चीनला न्यायचे. मुंबईहून माळव्याची अफू जायची ती वेगळीच. चीनमध्ये अफूविक्रीवर १७२९ पासून बंदी होती. तरीही १८३८ च्या सुमारास वर्षाला सुमारे ४० हजार पेट्या चोरून उतरत होत्या.

आता चांदी उलटी वाहू लागली. चिनी शेतकऱ्याची कमाई तांब्याच्या नाण्यांत व्हायची, पण सारा चांदीच्या हिशोबाने भरावा लागायचा. चांदी देशाबाहेर गेली तशी ती महागली. म्हणजे ज्याने आयुष्यात अफूला हात लावला नाही, त्याच्याही डोक्यावरचा कर वाढला.

दरबारात दोन तट पडले. एक गट म्हणत होता की अफू कायदेशीर करा आणि तिच्यावर कर लावा. दुसऱ्या गटाला अफू ओढणाऱ्यालाही मृत्युदंड हवा होता. लिन दुसऱ्या बाजूला होता. हे असंच चाललं तर काही वर्षांनी लढायला सैनिक उरणार नाहीत आणि त्यांना पगार द्यायला चांदीही उरणार नाही, असं त्याने सम्राटाला कळवलं. सम्राट दाओगुआंगने त्याला बीजिंगला बोलावून घेतलं आणि खास अधिकार देऊन दक्षिणेला धाडलं.

१० मार्च १८३९ ला लिन ग्वांगझूला पोहोचला. यालाच परदेशी लोक कॅन्टन म्हणायचे. आठ दिवसांत त्याने हुकूम काढला, सगळी अफू जमा करा. व्यापारी टाळाटाळ करू लागले तेव्हा त्याने त्यांच्या वखारींना वेढा घातला. सुमारे ३५० परदेशी माणसं आत अडकली. शेवटी ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियट नमला आणि २०,२८३ पेट्या द्यायला तयार झाला.

पण एलियटने एक खेळी केली होती. नुकसानभरपाई ब्रिटिश सरकार देईल, असं त्याने व्यापाऱ्यांना परस्पर सांगून टाकलं होतं. त्यामुळे चोरीचा खाजगी माल एका दिवसात ब्रिटिश सरकारचा माल झाला. ही मेख लिनच्या लक्षात आली नाही.

३ जूनपासून हुमेनच्या किनाऱ्यावर अफू नष्ट करायचं काम सुरू झालं. अफू जाळली तर ती जमिनीत मुरते आणि लोक माती उकरून ती परत काढतात, हे लिनला ठाऊक होतं. म्हणून त्याने मोठे हौद खणून घेतले. त्यात मिठाचं पाणी, अफूचे गोळे आणि चुनकळी टाकली जायची. पाणी उकळायचं, अफू विरघळायची आणि ओहोटीच्या वेळी सगळं समुद्रात सोडलं जायचं. तीन आठवडे हे काम चाललं. पाणी घाण होणार म्हणून लिनने आधीच समुद्रदेवतेची पूजा करून माफीही मागितली होती.

माणूस प्रामाणिक होता, हुशार होता. पण समोरच्या शत्रूबद्दल त्याची माहिती अर्धवट होती. चहा आणि रेवंदचिनी मिळाली नाही तर ब्रिटिश तग धरू शकणार नाहीत, असं त्याला वाटायचं. घट्ट कपड्यांमुळे इंग्रज सैनिकांचे पाय नीट वाकत नाहीत, म्हणून जमिनीवर त्यांना सहज हरवता येईल, असं तर त्याने सम्राटाला लेखी कळवलं होतं.

तरी एका बाबतीत तो बाकीच्या अधिकाऱ्यांपेक्षा वेगळा होता. त्याला प्रश्न पडायचे. त्याने इंग्रजी येणारी माणसं हाताशी धरली आणि परदेशी वर्तमानपत्रं, जगाच्या भूगोलाचं पुस्तक आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या ग्रंथातले उतारे भाषांतरित करून घेतले. व्हिक्टोरिया राणीला पत्रही लिहिलं, पण ते तिच्यापर्यंत पोहोचलं नाही. त्याला हर्नियाचा त्रास होता. त्यासाठी त्याने पीटर पार्कर नावाच्या अमेरिकन डॉक्टरकडे माणूस पाठवून पट्टा मागवला. दोघांची भेट कधीच झाली नाही, पण डॉक्टरच्या नोंदवहीत लिन रुग्ण क्रमांक ६५६५ आहे.

जून १८४० मध्ये ब्रिटिश आरमार आलं. त्यात वाफेवर चालणारी जहाजं होती आणि मद्रास, बंगालचे हिंदी शिपाईही होते. आरमाराने ग्वांगझूची नाकेबंदी केली, पण तिथे न लढता ते उत्तरेला सरकलं. त्यांनी डिंगहाई शहर घेतलं आणि बीजिंगजवळच्या किनाऱ्यापर्यंत धडक मारली. सम्राट हादरला आणि सगळं खापर लिनच्या डोक्यावर फुटलं. त्याला पदावरून काढलं गेलं आणि १८४१ साली पश्चिमेच्या पार टोकाला, इलीला हद्दपारीची शिक्षा झाली.

वाटेत तो वेई युआन या अभ्यासक मित्राला भेटला आणि जमवलेली सगळी भाषांतरं त्याच्या हवाली केली. यावर पुस्तक लिही, एवढीच त्याची विनंती होती. तेवढ्यात पीत नदीचा बांध फुटला. शिक्षा भोगायला निघालेल्या लिनलाच बांधाच्या कामावर बोलावलं गेलं. काम झालं, पण शिक्षा माफ झाली नाही.

१८४२ साली इलीच्या वाटेवरून त्याने एका मित्राला पत्र लिहिलं. ब्रिटिश तोफांचा पल्ला आणि वेग आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तशा तोफा आणि जहाजं आपल्यालाही लागतील, हे त्याने त्यात कबूल केलं. आणि हे कुणाला सांगू नकोस अशी विनवणीही केली. खरं बोलणं दरबारात इतकं महाग पडत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नानजिंगचा तह झाला. चीनने हाँगकाँग दिलं, पाच बंदरं उघडली आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर देणं कबूल केलं. त्यात नष्ट केलेल्या अफूचे ६० लाखही होते.

लिन इलीत कालवे खणत, जमिनी मोजत राहिला. १८४५ साली त्याला माफी मिळाली, पुन्हा मोठी पदंही मिळाली. २२ नोव्हेंबर १८५० ला, ग्वांगशीतलं बंड मोडायला निघालेला असताना वाटेतच त्याचा मृत्यू झाला.

मग त्या कागदांचं काय झालं?

वेई युआनने त्यावरून समुद्रापलीकडच्या देशांचा सचित्र ग्रंथ लिहिला. चिनी दरबाराने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चीन दुसरं अफूयुद्धही हरला आणि ज्या अफूसाठी लिनने सगळं पणाला लावलं, ती १८५८ साली कायदेशीर झाली. शस्त्रांचे आधुनिक कारखाने उभारायला १८६० चं दशक उजाडलं.

जपानमध्ये मात्र उलटं घडलं. १८५३ साली अमेरिकन कमोडोर पेरीची जहाजं येऊन थडकली आणि हादरलेल्या जपान्यांना हा ग्रंथ हवाहवासा झाला. त्याच्या जपानी आवृत्त्या निघाल्या. साकुमा शोझानने तो वाचला, त्याचा शिष्य योशिदा शोइननेही वाचला. शोइनच्या छोट्याशा शाळेत शिकलेला इतो हिरोबुमी पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झाला. १८९५ साली चीनला युद्धात हरवून तैवान घेणारा शिमोनोसेकीचा तह झाला, तेव्हा जपानच्या बाजूने टेबलावर हाच इतो बसला होता.

जपान फक्त एका पुस्तकामुळे पुढे गेला असं नाही. पण लिनने आपल्या देशासाठी जमवलेली माहिती आधी कामाला आली ती शेजाऱ्याच्या.

आज बीजिंगच्या तिआनमेन चौकातल्या स्मारकावर पहिलं शिल्प हुमेनच्या अफूचं आहे. लिनचा पुतळा न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्येही उभा आहे. दोन्हीकडे तो आठवला जातो अफूसाठी. त्याने वेई युआनच्या हातात दिलेले कागद मात्र फार थोड्यांना आठवतात.