नाशिक ते हिंदू कोड बिल

नाशिकच्या काळाराम मंदिराकडे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची मिरवणूक निघाली, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रहींमध्ये स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे काही वर्षे नेटाने चालवला. पण दरवाजे उघडले नाहीत. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. धर्माच्या नावाने नाकारलेला हक्क केवळ विनवण्यांनी मिळत नाही, हा नाशिकचा धडा होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी जातिव्यवस्था आणि स्त्रीदास्य यांचे नाते फार लवकर ओळखले होते. कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेल्या निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीची बंदिस्ती टिकवण्यासाठीच रूढ झाल्या, अशी मांडणी त्यांनी केली. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, त्यामागेही हाच विचार होता.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून त्यांच्यासमोर हिंदू कोड बिल आले. हिंदू पुरुषाला एकाहून अधिक विवाह करण्यास देशभर बंदी नव्हती. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला होता. मात्र हे अपवाद होते. विधवेला पतीच्या मालमत्तेत मिळणारा हक्क तिच्या हयातीपुरताच मर्यादित होता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने मुलीचा वाटा अर्ध्यावरून मुलाच्या बरोबरीचा केला. एकपत्नीत्व, घटस्फोट, आंतरजातीय विवाहास मान्यता आणि स्त्रीधनावर पूर्ण मालकी या तरतुदीही विधेयकात होत्या.

समान नागरी कायद्याचा प्रश्न संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चेस आला. त्यातून मुस्लिम व्यक्तिगत कायदा वगळावा, अशा दुरुस्त्या काही सदस्यांनी सुचवल्या. फौजदारी, करार आणि मालमत्ता हस्तांतरणाचे कायदे सर्वांना समान असून केवळ विवाह व वारसा हे विषयच उरले आहेत, याकडे बाबासाहेबांनी लक्ष वेधले. असा कायदा प्रारंभी स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांनाच लागू करता येईल, हा मार्गही त्यांनी सुचवला. आज कलम ४४ म्हणून ओळखले जाणारे मार्गदर्शक तत्त्व त्या दिवशी संमत झाले.

हिंदू कोड बिलाला मात्र संसदेत आणि संसदेबाहेर कडवा विरोध झाला. हिंदूंचाच कायदा का बदलता, असा सवाल विरोधकांनी केला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांचाही या विधेयकाला विरोध होता. सप्टेंबर १९५१ मध्ये मोजकी कलमे संमत होताच विधेयक बाजूला ठेवण्यात आले. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अन्य मतभेदही होते; पण विधेयक मागे पडल्याचा सल त्यांत तीव्र होता.

पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक यांविषयी चार स्वतंत्र कायदे झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या आराखड्यातील बराच भाग अमलात आला होता. पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः बरोबरीचा हक्क नव्हता. तो महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला.

तरीही माहेरच्या जमिनीची वाटणी होताना बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत महाराष्ट्रात संपलेली नाही. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो कायद्याच्या पुस्तकात आला. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र तो अजून पुरता पोहोचलेला नाही.