पुरासाठी जागा राखणारा अभियंता

पुण्याच्या खडकवासला तलावात विसाव्या शतकाच्या आरंभी दर पावसाळ्यात एकच गोष्ट घडत असे. धरण भरले की सांडव्यावरून कित्येक फूट पाणी मुठेत निघून जाई, आणि उन्हाळा आला की शहराला, लष्कराला व कालव्याखालच्या शेतीला पाण्याची चणचण भासे. भिंत उंच करावी, तर जुन्या बांधकामावर भार वाढणार. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की ते एका विहिरीत उतरे, तेथील वजनाचा तोल बदले आणि दरवाजे आपोआप उघडत. पातळी उतरली की ते पुन्हा मिटत. साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या दरवाजांचे पेटंट त्यांच्या नावावर झाले.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे १५ सप्टेंबर १८६१ रोजी जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांचे अभियंता म्हणून घडणे मात्र महाराष्ट्रातले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरमध्ये शिकवण्या करीत ते १८८१ मध्ये पदवीधर झाले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ च्या परीक्षेत इलाख्यात पहिले आले. पुढल्याच वर्षी सरकारी नोकरी लागली. नाशिक, धुळे, पुणे असा हा प्रवास. मध्यंतरी सिंधमधील सक्करच्या पाणीपुरवठ्याचे आणि पुढे एडनच्या पाण्याचे कामही त्यांच्याकडे आले. चोवीस वर्षांच्या सेवेनंतर १९०८ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि ते परदेश प्रवासाला निघाले.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. एका दिवसात सुमारे १५,००० माणसे दगावली असा अंदाज आहे. शहरातील नदीवरचे तीन पूल कोसळले. कुतुबशाहीतला पुराना पूल तेवढा टिकला. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड हैदराबादकर अजून दाखवतात. निजामाच्या सरकारने युरोपात असलेल्या विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत दाखल झाले.

पूर का आला, या प्रश्नाचे सोपे उत्तर तयारच होते: पाऊस फार झाला. शमशाबादला २४ तासांत सुमारे १३ इंच पाऊस पडला होता, हे खरेच. पण विश्वेश्वरय्या एवढ्यावर थांबले नाहीत. शहराच्या वरच्या अंगाला सुमारे ८६० चौरस मैलांच्या पाणलोटात त्यांनी ७८८ तलाव मोजले. त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा फुटला की त्याचा लोंढा खालच्यावर, खालचा फुटला की त्याच्या खालच्यावर, अशी ही माळ तुटत गेली आणि नदीला पावसाचे पाणी आणि साठवलेले पाणी एकाच वेळी पोटात घ्यावे लागले. याहून मोठा पाऊस पडू शकतो का, हे ताडण्यासाठी त्यांनी देशातल्या इतर भागांतील अतिवृष्टीच्या नोंदीही मागवल्या. एकदा झाले म्हणजे पुन्हा होणार नाही, ही समजूत त्यांना मान्य नव्हती.

त्यांचा उपाय खडकवासल्याच्या नेमका उलट होता. तेथे रिकामी जागा पाण्याने भरायची होती. येथे पाण्यासाठी जागा रिकामी ठेवायची होती. मुसीवर आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर, शहराच्या वर काही मैलांवर, एकेक धरण बांधावे. शहरातून निर्धोक वाहू शकेल तेवढे पाणी सोडावे, बाकीचे अडवावे आणि पूर ओसरल्यावर हळूहळू वाट करून द्यावी. हे सांगणे राज्यकर्त्यांना सोपे नव्हते. मोठा खर्च करून बांधलेल्या धरणाचा काही भाग वर्षानुवर्षे कोरडा राहिला, तर तो प्रजेला नासाडीच वाटणार. या जोडीला काठ उंचावणे, काठावर बागा आणि रस्ते करणे, शहरात भुयारी गटारे घालणे हेही अहवालात होते. गटारांवाचून शहराची शोभा व्यर्थ, असे त्यांचे मत होते आणि त्या कामासाठी ते पुढे पुन्हा हैदराबादला गेले.

धरणांचे प्रत्यक्ष बांधकाम इतरांच्या हातून झाले. मुसीवरचे उस्मान सागर १९२० मध्ये, ईसीवरचे हिमायत सागर १९२७ मध्ये पुरे झाले. तोवर विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता, मग १९१२ ते १९१८ दिवाण होऊन गेले होते. कावेरीवरचे कृष्णराजसागर याच काळातले. त्याची कथा सर्वश्रुत आहे. हैदराबादचे तलाव पुढे शहराचे पिण्याचे पाणी झाले, आणि पिण्याचे पाणी म्हटले की तलाव भरलेला हवा असतो. पुरासाठी राखलेली जागा आणि तहानेसाठी हवा असलेला साठा यांची ओढाताण तेव्हापासून सुरू झाली. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हिमायत सागरचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा मुसीकाठच्या वस्त्यांना स्थलांतर करावे लागले. नदीच्या पात्रात मधल्या काळात घरे उभी राहिली होती.

भारतरत्न हा किताब त्यांना १९५५ मध्ये मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि ज्या भिंतीला त्यांनी साठ वर्षांपूर्वी धक्का लावला नव्हता ती भिंतही फुटली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर असलेले विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. खडकवासल्याची भिंत पुढे पुन्हा बांधण्यात आली.