महादेवींचा मुका गोतावळा

हिंदी कवितेतील छायावादाच्या चार प्रमुख कवींमध्ये जयशंकर प्रसाद, सूर्यकांत त्रिपाठी निराला आणि सुमित्रानंदन पंत यांच्या जोडीने महादेवी वर्मा यांचे नाव आदराने घेतले जाते. विरह आणि वेदना हे त्यांच्या काव्याचे स्थायीभाव. पांढरी शुभ्र साडी, डोईवर पदर आणि संन्यस्त वाटावे असे जीवन, अशीच त्यांची प्रतिमा रसिकमनात रुजली. परंतु अलाहाबादमधील, म्हणजे आजच्या प्रयागराजमधील, त्यांचे घर कधी एकाकी नव्हते. खार, मोर, हरिण, गाय, ससे, कुत्री आणि मांजरे यांचा मोठा गोतावळा तेथे नांदत होता. या गोतावळ्यालाच त्या आपले कुटुंब मानीत.

महादेवींचा जन्म २६ मार्च १९०७ रोजी उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद येथे झाला. कित्येक पिढ्यांनंतर घराण्यात मुलगी जन्मली, म्हणून तिचे नाव महादेवी ठेवले गेले. वडील इंदूरला नोकरीस असल्याने त्यांचे बालपण होळकरांच्या त्या नगरीत गेले. निक्की नावाचे मुंगूस, रोझी ही कुत्री आणि राणी ही घोडी हे त्या काळातील सवंगडी. या तिघांच्या आठवणी त्यांनी पुढे उतारवयात लिहिल्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांचा विवाह नवव्या वर्षीच लावून देण्यात आला. पण मोठेपणी त्यांनी तो संसार स्वीकारला नाही. बौद्ध भिक्खुणी होण्याचा विचारही काही काळ त्यांच्या मनात होता. तो मागे पडला आणि शिक्षण, लेखन व स्त्रियांची उन्नती हाच त्यांच्या आयुष्याचा मार्ग ठरला. १९३२ मध्ये अलाहाबाद विद्यापीठातून संस्कृत विषयात त्या एम. ए. झाल्या आणि नंतर प्रयाग महिला विद्यापीठाच्या प्राचार्य म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले.

‘नीहार’, ‘रश्मि’, ‘नीरजा’, ‘सांध्यगीत’ आणि ‘दीपशिखा’ या संग्रहांनी त्यांना कवयित्री म्हणून कीर्ती मिळवून दिली. मात्र गद्यात त्यांचा पिंड वेगळाच दिसतो. ‘अतीत के चलचित्र’ आणि ‘स्मृति की रेखाएँ’ या पुस्तकांत त्यांनी घरातील सेविका, फेरीवाले आणि उपेक्षित स्त्रिया यांची शब्दचित्रे रेखाटली. ज्यांच्याकडे समाजाचे लक्ष जात नाही, त्यांच्याकडे पाहण्याची ही दृष्टी पुढे माणसापुरती मर्यादित राहिली नाही. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरा परिवार’ या पुस्तकात त्यांनी आपल्या सांभाळलेल्या जीवांची चरित्रे लिहिली, तीही माणसांच्या चरित्राइतक्याच गांभीर्याने.

यातील गिल्लू ही खार हिंदीच्या पाठ्यपुस्तकांमुळे अनेकांच्या ओळखीची आहे. घरट्यातून पडलेले ते इवलेसे पिल्लू कुंडीपाशी निपचित पडले होते आणि दोन कावळे त्याला टोचत होते. ते आता जगणार नाही, असेच सर्वांचे म्हणणे पडले. महादेवींनी त्याला अलगद उचलून आत आणले, कापसाने रक्त पुसून जखमांवर पेनिसिलीनचे मलम लावले आणि कापसाच्या वातीने दूध पाजण्याचा प्रयत्न केला. कित्येक तासांनी पाण्याचा एक थेंब त्याच्या मुखात गेला. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या चिमुकल्या पंजांनी त्यांचे बोट धरले. खिडकीत टांगलेली फुलांची परडी दोन वर्षे त्याचे घर झाली. वसंत ऋतूत बाहेरच्या खारी जाळीपाशी येऊ लागल्या, तेव्हा महादेवींनी जाळीचा एक कोपरा मोकळा करून दिला. गिल्लू दिवसभर झाडांवर बागडे आणि संध्याकाळी आपणहून परत येई. मोटार अपघातामुळे त्या इस्पितळात होत्या, त्या दिवसांत त्याने आपले आवडते काजूही फारसे खाल्ले नाहीत. खारीचे आयुष्य मुळातच थोडे. अखेरच्या रात्री तो परडीतून उतरून त्यांच्या बिछान्यावर आला आणि गार पडलेल्या पंजांनी त्याने तेच बोट पुन्हा धरले. पहाटे त्याची प्राणज्योत मालवली. पिवळ्या जुईचा वेल त्याच्या विशेष आवडीचा. त्याच वेलाखाली त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

परंतु जीव वाचवण्याच्या साऱ्याच कथा अशा शांतपणे संपत नाहीत, आणि महादेवींनी ते लपवलेही नाही. अलाहाबादच्या नखासकोना भागातील पक्षी विक्रेत्याकडून त्यांनी मोराच्या पिल्लांची जोडी आणली. ही तर तित्तिराची पिल्ले, तुम्हाला फसवले, असे म्हणून घरच्यांनी त्यांची थट्टा केली. तीच पुढे नीलकंठ आणि राधा झाली. सशाचे पिल्लू गिळू पाहणाऱ्या सापाला नीलकंठाने चोच आणि पंजांनी ठार केले आणि रात्रभर त्या पिल्लाला पंखाखाली ऊब दिली. पुढे त्याच बाजारात पायाची बोटे मोडलेली एक लांडोर महादेवींना दिसली. तिची दया येऊन त्यांनी तिलाही घरी आणले, तिची शुश्रूषा केली आणि तिचे नाव कुब्जा ठेवले. ही कुब्जा बरी झाली ती मत्सर घेऊनच. तिने राधेला नीलकंठाजवळ फिरकू दिले नाही, तिची अंडीही फोडली. नीलकंठ खिन्न होत गेला आणि काही महिन्यांतच कोणत्याही दृश्य आजाराविना मरण पावला. महादेवींनी त्याला आपल्या शालीत गुंडाळून संगमावर गंगेच्या स्वाधीन केले. एका जखमी जीवाला दिलेला आसरा दुसऱ्याच्या मुळावर आला, हे सत्य त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले.

गौरा गाईची हकीकत याहून विदारक आहे. धाकट्या बहिणीकडून आलेली ही देखणी, शुभ्र गाय दिवसाला सुमारे बारा शेर दूध देई. धारेच्या वेळी घरातील कुत्री आणि मांजरे तिच्यासमोर ओळीने बसत आणि आपापल्या भांड्यातील दुधाची वाट पाहत. नोकरांपैकी कोणालाच धार काढता येत नव्हती, म्हणून पूर्वी त्यांच्याकडे दुधाचा रतीब घालणाऱ्या गवळ्यालाच या कामी नेमण्यात आले. दोन-तीन महिन्यांत गौराने चारा सोडला. पशुवैद्यांच्या तपासणीत तिच्या पोटात सुई गेल्याचे निष्पन्न झाले. गुळातून ती सुई चारली गेली होती. गाय मेली की आपला रतीब पुन्हा सुरू होईल, एवढाच त्यामागील हिशेब. संशय येताच गवळी पसार झाला. सुई हृदयाच्या दिशेने सरकत होती आणि वैद्यांपाशी उपाय नव्हता. बाहेर तिचे वासरू लालमणी निर्धास्तपणे उड्या मारीत होते आणि आत गौरा तिळतिळ झिजत होती. एका पहाटे तिने मान टाकली. गाईला माता म्हणणाऱ्या देशात हे घडले, ही महादेवींची खंत आजही वाचकाला अस्वस्थ करते.

सोना या हरिणीची आई शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडली होती. वसतिगृहातील मुलींच्या मायेत हे पाडस वाढले. महादेवी बद्रीनाथच्या यात्रेला गेल्या असताना त्यांच्यावाचून कासावीस झालेली सोना आवाराबाहेर पडू पाही. ती हरवेल, या भीतीने माळ्याने तिला लांब दोरीने बांधले. दोरीचे भान न राहून तिने उंच झेप घेतली आणि जमिनीवर आदळून ती गतप्राण झाली. यापुढे हरिण पाळायचे नाही, असा निश्चय महादेवींनी केला. काही वर्षांनी दुसऱ्या एका पाडसाला आसरा देण्याची विनंती आली, तेव्हा तो निश्चय मोडल्यावाचून त्याचा जीव वाचणार नव्हता. त्यांनी तो मोडला.

या एका निर्णयात महादेवींचे सारे चरित्र सामावले आहे. माया लावली की वियोग अटळ आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? माणसाची क्रूरता त्यांनी पाहिली आणि आपल्या दयेची किंमत कधी कधी दुसऱ्याच जीवाने मोजल्याचेही पाहिले. तरीही त्यांच्या घराचे दार बंद झाले नाही. १९८२ मध्ये ‘यामा’ या काव्यसंग्रहासाठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. ११ सप्टेंबर १९८७ रोजी अलाहाबाद येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितेतील दुःख अनेकांना दूरचे, अमूर्त वाटते. मात्र खारीच्या गार पडलेल्या पंजाची गोष्ट ज्याने शाळेत एकदा वाचली, त्याला ते दुःख कोणी समजावून सांगावे लागत नाही.