डॉ. तालिमेरेन आओ

बोम्मसंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीत दिवसभराची पाळी संपवून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाला दोन कामे एकाच वेळी पेलणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या पाठात ज्यांचे चरित्र आपण वाचणार आहोत, त्या तालिमेरेन आओ यांच्यासमोरही असाच पेच होता. एकीकडे वैद्यकीय महाविद्यालय आणि दुसरीकडे फुटबॉलचे मैदान. यांपैकी मैदानाने त्यांना देशभर कीर्ती मिळवून दिली. परंतु अखेरीस त्यांनी निवडले ते दुसरेच.

आओ यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी चांगकी या गावी झाला. हे गाव तेव्हा आसामच्या नागा हिल्स जिल्ह्यात होते. आज ते नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात आहे. वडील धर्मोपदेशक होते. घरात बारा भावंडे, तेव्हा विकत घेतलेला चेंडू कोठून असणार? इंपूर येथील मिशनच्या आवारात ही मुले चिंध्यांचा चेंडू करून खेळत. १९३५ साली वडील विषमज्वराने वारले. आपल्या मुलांपैकी एकाने तरी डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. त्या डोंगराळ मुलखात डॉक्टर किती दुर्मिळ असत हे ध्यानात घेतले, म्हणजे या इच्छेचे मोल कळते.

जोरहाटचे शिक्षण आटोपून आओ गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात आले आणि तेथील महाराणा क्लबकडून खेळू लागले. आरंभी ते आघाडीला खेळत, पुढे बचावाकडे वळले. १९४२ साली त्यांना कोलकात्याच्या कारमायकल वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. हेच महाविद्यालय १९४८ पासून आर. जी. कर यांच्या नावाने ओळखले जाते. १९४३ मध्ये त्यांनी मोहन बागान या नामवंत संघात प्रवेश केला आणि पुढे त्याचे कर्णधारपदही भूषविले.

आओ ‘सेंटर हाफ’च्या जागी खेळत. त्या काळी संघाची मांडणी पुढे पाच, मध्ये तीन आणि मागे दोन अशी असे. मधल्या तिघांतील मधला खेळाडू हा संघाचा कणाच होय. प्रतिपक्षाची चाल मोडायची आणि हाती आलेला चेंडू पुढच्या फळीकडे पोहोचवायचा, असे त्याचे दुहेरी काम. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रांत ठळक छापून येते. चाल मोडणाऱ्याचे क्वचितच.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. स्वतंत्र भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक होते. फुटबॉल संघाचे कर्णधार म्हणून आओ यांची निवड झाली आणि उद्घाटनाच्या संचलनात तिरंगा धरण्याचा मानही त्यांनाच मिळाला. संघात निरनिराळ्या प्रांतांचे खेळाडू होते. बचावात मुंबईचे टी. एम. वर्गीस ऊर्फ पापेन होते, तर आघाडीला बंगळूरचे सारंगपाणी रामन, अहमद खान आणि धनराज.

३१ जुलै रोजी लंडनजवळच्या इलफर्ड येथे भारताची गाठ फ्रान्सशी पडली. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. प्रेक्षकांना त्याचे मोठे नवल वाटले. पूर्वार्धात फ्रान्सने पहिला गोल केला. सत्तराव्या मिनिटाला रामन यांनी बरोबरी साधली. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या. पण शैलेन मन्ना आणि महावीर प्रसाद यांचे ते फटके वाया गेले. अखेरीस एकोणनव्वदाव्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. एवढ्या निसटत्या पराभवाची हळहळ आजही वाटते. अनवाणी खेळण्याविषयी पत्रकारांनी छेडले असता, आम्ही खेळतो तो पायाचा खेळ, तुमचा तो बुटांचा, अशा आशयाचे मिस्कील उत्तर आओ यांनी दिल्याचे सांगतात. आर्सेनल या विख्यात इंग्लिश संघाने त्यांना करार देऊ केला होता, अशीही हकिकत आहे. ती असो वा नसो, आओ कोलकात्याला परतले, कारण पदवी अजून हाती यायची होती.

१९५० मध्ये ते एम.बी.बी.एस. झाले. प्रवेशापासून आठ वर्षे लागली, हे खरे. मात्र त्यातील किती दिवस मैदानांनी घेतले असतील, याचा विचार करता ती फार म्हणवत नाहीत. त्यानंतर ऐन बहरातला खेळ मागे ठेवून ते आपल्या मुलखात परतले आणि कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, याच कोहिमाला घनघोर लढाई झाली होती. पुढे पन्नासच्या दशकात नागा प्रदेशात पुन्हा अशांतता पसरली. अशा ठिकाणी डॉक्टरचे काम सुखाचे नव्हते. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले. पुढे आओ राज्याच्या आरोग्यसेवेचे संचालक झाले आणि १९७८ साली निवृत्त झाले.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. २००९ पासून ईशान्येकडील राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेसाठी त्यांच्या नावाचा करंडक ठेवण्यात आला आणि २०१८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.